विस्थापित शेतमजूर आणि कादंबरीकाराचे प्रयोजन

जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी वर्गात शिकवून संपवली, त्या दिवशी शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, पुस्तक गाजले, लेखकाला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ज्यांच्यावर ते लिहिले त्या मजुरांच्या पदरात काय पडले?” तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. ‘कादंबरीकाराचा सामाजिक हेतू’ या विषयावर परीक्षेत जी चारपाच ठरावीक वाक्ये आपण लिहितो, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर होत नाही. म्हणून संपादकांनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले.

साहित्याच्या प्रयोजनाची चर्चा आपल्याकडे जुनी आहे. मम्मटाने सांगितलेल्या सहा काव्यप्रयोजनांत ‘शिवेतरक्षती’, म्हणजे अमंगलाचा नाश, हे एक प्रयोजन आहे. मराठीत फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद एका पिढीने हिरिरीने लढवला. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ चांगले लिहिले गेले. परंतु त्यात एक गोष्ट बरीचशी दुर्लक्षित राहिली असे मला वाटते. कादंबरीला हेतू असावा की नसावा, याहून तो हेतू कादंबरीत कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो क्रोधाच्या वाटेने येतो, दयेच्या वाटेने येतो, की माहितीच्या? प्रस्तुत लेखात मी याच अंगाने विचार करणार आहे.

माझ्या जिल्ह्याची गोष्ट

हा विषय मला केवळ अभ्यासक्रमातून भेटलेला नाही. मी मूळचा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमची राजधानी नागपूर होती. गोंदिया-भंडाऱ्याला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात घरात मराठी, शेजारी पोवारी, बाजारात हिंदी आणि जंगलाच्या बाजूला गोंडी, अशी भाषांची सरमिसळ आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक निर्देशनाचे मानांकन मिळाले, तेव्हा इकडे एवढ्या दूरवर राहूनही मला अभिमान वाटला होता.

परंतु ज्या हातांनी हा धान रोवला जातो त्या हातांची हकीकत निराळी आहे. आषाढात पऱ्हे उपटून चिखलाच्या बांधीत रोवणी होते. दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मग चुरणी. जिथे कालव्याचे पाणी पोचत नाही तिथे त्यानंतर शेतात काम उरत नाही. मग ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, अशी माणसे नागपूर, हैदराबाद अशा शहरांची वाट धरतात. तिथे ती विटा उचलतात, माती खोदतात, सळया वाहतात. शेतमजूर चार-सहा महिने बांधकाम-मजूर होतो आणि रोवणीला परत येऊन पुन्हा शेतमजूर होतो. लहानपणी कुणाच्या दाराला कुलूप दिसले आणि विचारले की एवढेच उत्तर मिळे, “कामाले गेले.” कुठे गेले, कुणाबरोबर गेले, मुले कुणाजवळ ठेवली, हे कुणी विचारीत नसे. मीही कधी विचारले नाही.

मे २०२० मधील एक बातमी मला आठवते. टाळेबंदीत काम बंद पडलेला बालाघाट जिल्ह्यातील एक मजूर आपली गरोदर पत्नी आणि लहान मुलगी यांना घेऊन हैदराबादहून गावाकडे चालत निघाला. वाटेत बांबू आणि लाकडे मिळवून त्याने चाकांचा एक ओबडधोबड गाडा केला, त्यावर दोघींना बसवले आणि तो ओढीत आणला. अंतर सुमारे सातशे किलोमीटर. जिल्ह्याच्या सीमेवर पोलिसांनी त्यांची विचारपूस केली, खायला दिले आणि वाहनाने गावी पोचवले. ते छायाचित्र सर्व देशाने पाहिले. ते पाहताना मला ओक्लाहोमाहून निघालेला जोड कुटुंबाचा मोडका ट्रक आठवला. आणि क्षणभराने हेही जाणवले की जोड कुटुंबातील आजोबापासून धाकट्या विनफील्डपर्यंत सगळ्यांची नावे मला पाठ आहेत, पण माझ्या स्वतःच्या घरच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायांची नावे मला येत नाहीत.

आमच्या वडिलांची एक हिशेबाची वही होती. रोवणीच्या दिवसांत त्यात ते लिहीत, “बाया १२, गडी ४.” पुढे मजुरीची रक्कम. वडील हिशेबात चोख होते, एका पैशाची फसवणूक त्यांनी कुणाची केली नाही. परंतु त्या वहीत नाव कुणाचेही नाही. ही वही आणि स्टाइनबेकची कादंबरी शेजारी ठेवली की मला कादंबरीकाराचे प्रयोजन कळू लागते.

स्टाइनबेकची वाट

आता कादंबरीकडे वळू. स्टाइनबेक १९०२ साली कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे जन्मला. म्हणजे विस्थापित होऊन आलेल्यांपैकी तो नव्हता. ज्या सुपीक खोऱ्यात ते मजूर येत होते त्या खोऱ्याचा तो रहिवासी होता. ऑक्टोबर १९३६ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या वृत्तपत्रासाठी त्याने या मजुरांवर सात लेखांची मालिका लिहिली. त्यासाठी तो तळ्याकाठच्या, कालव्याकाठच्या झोपड्यांतून हिंडला. आर्विन येथील सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याची आणि त्याची गाठ पडली ती याच कामात. कॉलिन्स दर आठवड्याला आपल्या छावणीचा अहवाल लिहीत असे. त्यात माणसांची संख्या तर असेच, पण त्यांचे बोलणे, त्यांच्या तक्रारी, त्यांचे विनोदही असत. स्टाइनबेकने हे अहवाल वाचले, कॉलिन्सबरोबर प्रवास केला. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत पत्नी कॅरल हिच्याबरोबर ज्या टॉमचा उल्लेख आहे तो हाच.

याच्यानंतर घडलेली गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. स्टाइनबेकने प्रथम या विषयावर एक उपहासात्मक पुस्तक लिहिले. सॅलिनासमधील सॅलड-पाला काढणाऱ्या मजुरांचा संप बागाईतदारांनी दंडेलीने मोडला होता, त्यांच्यावर ते होते. १९३८ साली ते लिहून झाल्यावर त्याने स्वतःच ते नष्ट केले. राग खरा होता, बाजू न्यायाची होती; पण त्या पुस्तकात माणसे समजून घेण्यापेक्षा त्यांचा द्वेष करायला लावणे अधिक होते, असे त्याला वाटले. त्यानंतर मे ते ऑक्टोबर १९३८ या पाचेक महिन्यांत त्याने जे लिहिले ती ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. एप्रिल १९३९ मध्ये ती प्रसिद्ध झाली, १९४० साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ साली लेखकाला नोबेल. म्हणजे क्रोधाची वाट त्याने चालून पाहिली आणि मागे फिरून माहितीची वाट धरली. क्रोध त्याने टाकला नाही. त्याला आधी पुराव्याच्या शेजारी बसवले, एवढेच.

हेतू कादंबरीत कसा उतरतो

या कादंबरीची रचना ध्यानात घ्या. तिची तीस प्रकरणे आहेत. त्यांतील सोळा प्रकरणांत जोड कुटुंब नाही. त्यांत जमीन, बँक, ट्रॅक्टर, जुन्या मोटारी विकणारा दुकानदार, ६६ क्रमांकाचा महामार्ग, पाऊस यांचे वर्णन आहे. उरलेल्या प्रकरणांत एकाच कुटुंबाची कथा आहे. पहिल्या प्रकारची प्रकरणे सांगतात की हे हजारोंच्या बाबतीत घडले; दुसऱ्या प्रकारची सांगतात की ते एकेकाच्या बाबतीत कसे घडले. नुसती पहिली असती तर ती कादंबरी न होता अहवाल झाला असता. नुसती दुसरी असती तर वाचक म्हणाला असता, बिचाऱ्यांचे दैव. दोन्ही एकत्र आल्यामुळे दैव या शब्दाला जागा उरत नाही.

एकदोन उदाहरणे पाहू. घर सोडण्यापूर्वी आई एकटीच आपली जुनी पेटी उघडते. पत्रे, कात्रणे, छायाचित्रे पाहते, एकदोन दागिने काढून घेते आणि बाकीची पेटी चुलीत टाकते. लेखक इथे विस्थापनावर भाष्य करीत नाही. गाडीत जागा किती आहे आणि आयुष्य किती आहे, एवढेच तो मांडतो. पुढे वाळवंट ओलांडताना आजी गाडीतच मरण पावते. तपासणी-नाक्यावर अडकलो तर कुटुंब पलीकडे पोचणार नाही, म्हणून आई रात्रभर त्या प्रेताशेजारी पडून राहते आणि म्हातारी आजारी आहे एवढेच अधिकाऱ्यांना सांगते. सरकारी छावणीत धाकटी रुथी आणि विनफील्ड पहिल्यांदाच पाण्याचा संडास पाहतात, आणि पाण्याचा आवाज झाल्यावर आपल्या हातून काही मोडले म्हणून घाबरतात. हसू येणारा हा प्रसंग आहे. पण एवढी साधी सोय या मुलांनी कधी पाहिलेली नव्हती, हे त्यातून जितके कळते तितके कुठल्याही भाषणातून कळले नसते.

आणि हिशेब. या कादंबरीत हिशेब फार आहे. मालकाला आठशे माणसे हवी असतात, तो हजारो हस्तपत्रिका वाटतो, त्या वाचून त्याच्याही कितीतरी पट माणसे येतात आणि मग मजुरी आपोआप उतरते. हे गणित वाटेत भेटलेला एक फाटका माणूस जोड कुटुंबाला समजावून सांगतो. त्याची स्वतःची मुले उपासमारीने गेलेली असतात. पीचच्या बागेत संप चालू असेतो एका पेटीला पाच सेंट मिळतात, संप मोडल्यावर अडीच. जोड कुटुंबाला ते पाच सेंट का मिळाले हे त्यांना उशिरा कळते: ते नकळत संप मोडण्यासाठी आणले गेले होते. मजूर मजुराच्या विरुद्ध कसा उभा केला जातो याचे याहून स्पष्ट विवेचन अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेले नाही.

कारणांच्या बाबतीतही लेखक भोळा नाही. तीसच्या दशकातील अवर्षण आणि धुळीची वादळे ही खरीच होती. परंतु जोड कुटुंबाचे सॅलिसॉ हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्व भागातले, धुळीच्या मुख्य पट्ट्याबाहेरचे, ही चूक टीकाकारांनी दाखवली आहे. तरीही मूळ मुद्दा बाधित होत नाही. कारण कुळांना जमिनीवरून हलवणारी कारणे केवळ आभाळातली नव्हती. कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने लागवड कमी करण्यासाठी जमीनमालकांना पैसे दिले होते, आणि एक ट्रॅक्टर अनेक कुळांचे काम करीत होता. कादंबरीत तो ट्रॅक्टर चालवणारा शेजाऱ्याचाच मुलगा असतो. दिवसाला तीन डॉलर त्यालाही हवे असतात, कारण त्यालाही बायकामुले असतात. त्याला गोळी घालून उपयोग काय, असा प्रश्न घर गमावणाऱ्या माणसाला पडतो, आणि वाचकालाही पडतो.

या हेतूच्या मर्यादा

मोठ्या लेखकाच्या मर्यादाही विद्यार्थ्यांनी पाहाव्यात. कॅलिफोर्नियाच्या शेतीत जोड कुटुंबाच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी मजूर राबत होते. स्टाइनबेकने आपल्या लेखमालेत त्यांची दखल घेतली. कादंबरीत मात्र ते जवळजवळ दिसत नाहीत. गोऱ्या अमेरिकन शेतकऱ्याची दैना पाहून वाचक हळहळला. तीच दैना इतरांच्या वाट्याला आली तेव्हा ती त्याच्या नजरेत भरली नव्हती. आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर आम्हा धानपट्ट्यातल्या लोकांना धानवाल्यांचे दुःख कळते. पण कान्हाचे अभयारण्य वाढत गेले तसतशी जी बैगा आणि गोंड गावे उठवली गेली, त्यांच्याविषयी आमच्या घरात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

दुसरी मर्यादा एका लेखिकेच्या निमित्ताने कळते. सनोरा बॅब ही स्वतः ओक्लाहोमात जन्मलेली, कोरडवाहू शेतीचे हाल भोगलेली. १९३८ साली ती कॉलिन्सच्या हाताखाली छावण्यांतून काम करीत होती आणि टिपणे ठेवीत होती. कॉलिन्सने तिची टिपणे स्टाइनबेकला दिली. तिचीही कादंबरी लिहून झाली. पण तोवर ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ गाजत होती, आणि एकाच विषयावरचे दुसरे पुस्तक खपणार नाही म्हणून प्रकाशकाने तिचे पुस्तक बाजूला ठेवले. ते प्रसिद्ध झाले २००४ साली, पासष्ट वर्षांनी. त्याच्या शीर्षकाचा अर्थ आहे ‘ज्यांची नावे अज्ञात आहेत’. घर खाली करण्याच्या नोटिशीत वापरला जाणारा तो कायदेशीर शब्दप्रयोग. माणूस घराबाहेर काढायचा तर त्याचे नाव माहीत असण्याचीही गरज नाही, हे त्या तीनचार शब्दांत आले आहे. मला वडिलांची वही आठवली ती हे शीर्षक वाचून.

आपल्या भाषांतून

स्टाइनबेकची लेखमाला ज्या आठवड्यात छापली जात होती त्याच आठवड्यात, ८ ऑक्टोबर १९३६ रोजी, प्रेमचंदांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे ‘गोदान’ प्रसिद्ध झाले होते. त्यातला होरी गावातच शेतकऱ्याचा मजूर होतो. त्याचा मुलगा गोबर लखनौला जातो. शेत सोडून शहराकडे जाणाऱ्या भारतीय मजुराची नोंद आपल्या साहित्यात इतकी आधी झाली आहे.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना शिवराम कारंतांची ‘चोमन दुडी’ ही १९३३ ची कादंबरी परिचित असेलच. चोमाजवळ बैलांची जोडी आहे, अंगात बळ आहे. पण अस्पृश्य म्हणून त्याला जमीन कसायला मिळत नाही. कॉफीच्या मळ्याचे कर्ज फेडण्यासाठी त्याची मुले मळ्यावर जातात आणि एकेक करून त्याच्या हातून निसटतात. चोमा जमिनीवरून उठवला गेलेला नाही. त्याला जमीन कधी मिळालीच नाही. विस्थापनाचा विचार करताना हा भेद विसरू नये. जोड कुटुंबाजवळ गमावण्यासाठी निदान एक घर होते.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, हळूहळू वाडीचा होतो, तालीम बांधली जाते आणि मग दुष्काळ पडतो. माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते. माडगूळकरांनी कुणावर आरोप केलेला नाही, आवाज चढवलेला नाही. आणि तरीही ओस वाडीचे ते चित्र मनातून जात नाही. विश्वास पाटील यांच्या १९९१ च्या ‘झाडाझडती’त धरणाने उठवलेल्या माणसांची कहाणी आहे आणि तिथे कागद, कचेरी, कायदा हे सगळे झडतीला उभे केले आहे. तिला १९९२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या ‘उपरा’ने आणखी एक पाऊल टाकले: गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या घरातलाच मुलगा लिहू लागला.

या पुस्तकांविषयी माझे एक निरीक्षण आहे, ते मतभेदाला खुले आहे. ‘बनगरवाडी’त आपण गावात मागे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहतो. जाणारे नजरेआड होतात आणि आपल्यापुरती त्यांची गोष्ट तिथे संपते. स्टाइनबेक मात्र वाचकाला त्यांच्याबरोबर गाडीत बसवतो. आपली ग्रामीण कादंबरी वेशीपर्यंत फार चांगली येते. वेशीबाहेरचा रस्ता, मुक्काम, मुकादम, परक्या मुलखातला बाजारभाव हे तिच्यात त्या मानाने कमी आले आहे असे मला माझ्या वाचनावरून वाटते. आणि मजुराचे निम्मे आयुष्य तर तिथेच जाते.

हे दूरचे उदाहरण नाही. दरवर्षी दिवाळीनंतर आपल्या या सीमाभागात ऊसतोड टोळ्या येतात. मराठवाड्यातून, विजापूरकडून. त्यांच्या व्यवहाराची भाषा नीट ऐका. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादम ‘उचल’ देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. दोन जित्या माणसांचे मिळून एक हत्यार मोजले जाते आणि त्यातल्या बाईचे नाव हिशेबात सहसा येतच नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जिचे नाव हिशेबात नाही तिचे दुखणे तरी कोणत्या रकान्यात येणार? कॅलिफोर्नियात या लोकांना ‘ओकी’ म्हणत. मुळात ओक्लाहोमाचा माणूस एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती शिवी झाली. शब्द बदलतात, रीत तीच.

मग पदरात काय पडले?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. खरे उत्तर असे, की लगेच फार काही पडले नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील कर्न परगण्याने आपल्या शाळा-ग्रंथालयांतून या पुस्तकावर बंदी घातली; तिथल्या मुख्य ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी पत्र लिहून तिला विरोध केला; बंदी उठली १९४१ च्या जानेवारीत. १९३६ साली लॉस एंजिलिसच्या पोलिसांनी गरीब प्रवाशांना राज्याच्या सीमेवर अडवून परत पाठवले होते. गरीब माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल केला. हे कादंबरीमुळे झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्या काळात लोक या प्रश्नाकडे पाहू लागले त्या काळात झाले, इतके म्हणता येईल. संघटित होण्याचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या अमेरिकन कायद्यातून शेतमजुरांना वगळण्यात आले होते. कॅलिफोर्नियाने आपल्या शेतमजुरांना तो हक्क दिला १९७५ साली. म्हणजे कादंबरीनंतर छत्तीस वर्षांनी, आणि तोही मुख्यतः ज्यांना कादंबरीत जागा नव्हती त्या मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांच्या लढ्यामुळे.

आपल्याकडे आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला. ठेकेदाराने मजुरांची नोंद ठेवावी, त्यांना पासबुक द्यावे, प्रवासभत्ता द्यावा, असे त्यात होते. २०२० च्या श्रमसंहितेत तो विलीन करण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न विचारला गेला, की टाळेबंदीत घरी परतताना किती मजूर मरण पावले. सरकारचे उत्तर होते, अशी माहिती ठेवलेली नाही.

माझ्या मते कादंबरीकाराचे सामाजिक प्रयोजन नेमके या उत्तरापाशी सुरू होते. मजुरी वाढवणे कादंबरीच्या हातात नाही. ते संघटनेचे, कायद्याचे, शासनाचे काम आहे. पण जिथे नोंद नाही तिथे नोंद करणे तिच्या हातात आहे. आणि ती नोंद केवळ संख्येची नव्हे. नाव, नाते, पेटीतले काय ठेवले आणि काय जाळले, आणि हे सारे कुणाच्या कोणत्या हिशेबामुळे घडले, या सर्वांची. अशी नोंद एकदा झाली की ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. मम्मटाच्या ‘शिवेतरक्षती’चा अर्थ मी आता असा लावतो: अमंगलाचा नाश कादंबरी करू शकत नसेल, पण अमंगल निनावी राहू देत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय परीक्षेला आला तर वरीलपैकी मुद्दे लिहाच. पण एक काम त्याखेरीज करा. हंगामात आपल्या रस्त्याच्या कडेला कोप्या पडतात. तिथे जा, बसा, आणि कोयत्यातल्या बाईला तिचे नाव विचारा. पुढे कादंबरी लिहाल न लिहाल. नाव विचारणे ही तिची पहिली पायरी आहे.

मागच्या सुटीत गावी गेलो तेव्हा वडिलांची ती वही मी काढली आणि आईजवळ बसलो. रोवणीच्या त्या बारा बाया कोण, हे तिला विचारले. तिने बोटांवर मोजत सात नावे सांगितली. कुणाचे लग्न कुठे झाले, कोण हैदराबादेला गेली ती परतली नाही, हेही सांगितले. ती सात नावे मी वहीत त्या ओळीखाली लिहिली आहेत. पाच जागा रिकाम्या आहेत. त्या भरण्यासाठी गावात कुणाला विचारायचे, हे मी आता शोधतो आहे.